भंडाऱ्याच्या जंगलाला एक वैध पायवाट हवी

मा. उपवनसंरक्षक,
भंडारा वनविभाग, भंडारा यांस,



भंडारा शहरापासून तासाभराच्या अंतरात, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या वनात, सकाळी निघून संध्याकाळच्या आत परत येता येईल अशी एक पायवाट आपल्या विभागाने अधिकृतपणे आखून द्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती वाट गावच्या वाटाड्याशिवाय कोणाला चालता येऊ नये आणि वर्षातून फक्त नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी एवढेच दिवस ती खुली असावी. मागणी लहान आहे, पण तिच्याशी वाघाचा, गावकऱ्यांच्या पोटापाण्याचा आणि कायद्याचा संबंध येतो. म्हणून हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सर्वांसमोर ठेवत आहे. आपला निर्णय काहीही झाला तरी त्यामागची कारणे जिल्ह्यातल्या ग्रामसभांना, महाविद्यालयीन मुलांना आणि नागपूरहून इकडे येणाऱ्या फिरस्त्यांना कळायला हवीत.

धुक्यातल्या जंगलवाटा म्हटले की महाराष्ट्रात कोकण आणि सह्याद्रीचीच नावे पुढे येतात. मुंबईकरांना कर्नाळा आहे, रायगड जिल्ह्यात फणसाड आहे. भंडाऱ्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. वैनगंगा शहराला लागून वाहते, खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचा विस्तीर्ण जलाशय आहे आणि कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव व बोड्या गावोगाव आहेत. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तलावांवरची, धानाच्या बांध्यांतली ओल हवेत निवून बारीक थेंबांचे धुके धरते. ते सखल भागात साचते आणि तलावाच्या पाळीवरून पलीकडचे झाडही दिसेनासे होते. ऊन चढले की तासा-दोन तासांत तेच धुके विरते आणि पाण्याच्या कडेपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत सगळे रान उघडे पडते. तलाव, पाळ, धानाची बांधी आणि तिला लागून सुरू होणारे सागाचे, ऐनाचे, मोहाचे जंगल हा सलग पट्टा एका सकाळच्या चालीत पाहता येईल असे जिल्हे राज्यात थोडे आहेत. त्यांतल्या एकात राहूनही आपल्याकडच्या माणसाला तो पायी पाहण्याचा सरळ मार्ग नाही.

हा मार्ग का नाही, ते आधी पाहू. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे हा अपराध आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ ने अभयारण्यातला प्रवेश बांधून टाकला आहे, आणि कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी परवाना देता येतो त्यांत पर्यटन असले तरी प्रत्यक्षात त्याचा अर्थ जिप्सी असा झाला आहे. कोका अभयारण्य २०१३ साली जाहीर झाले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तिन्हीकडे पाहुण्याला गाडीतूनच फिरता येते. गाडीचे भाडे, प्रवेशशुल्क आणि मार्गदर्शक यांचा खर्च हजारांच्या घरात जातो. साकोलीच्या किंवा लाखनीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला तो परवडत नाही. म्हणजे ज्याच्या घराच्या मागे जंगल सुरू होते त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: पैसे साठवून एकदा जिप्सीत बसणे, नाहीतर कोणाला न सांगता आत शिरणे. कित्येक जण दुसरा पर्याय निवडतात. त्यांची नोंद कुठे होत नाही, सोबत जाणकार नसतो, आत किती जण आहेत हे वनरक्षकाला ठाऊक नसते. पायी चालणे आज थांबलेले नाहीच, फक्त ते हिशेबाबाहेर गेले आहे. माझा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. चालू द्यायचे की नाही हा प्रश्न कधीच मागे पडला असून, नियमात चालू द्यायचे की नियमाबाहेर, एवढेच आता आपल्या हाती आहे.

पायी चालण्याने असे काय मिळते जे गाडीतून मिळत नाही? गाडीतला माणूस वाघ शोधतो, आणि तो दिसला नाही तर फेरी वाया गेली म्हणतो. चालणाऱ्याची नजर खाली असते, त्यामुळे त्याला जंगल वाचता येते. मोहाच्या बुंध्यावर अस्वलाने चढताना ओढलेल्या नखांच्या रेघा, त्याने उकरलेले वारूळ, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळ साल, पाळीच्या ओल्या मातीत उमटलेला चितळाचा खूर आणि त्यावरच पडलेला रानकुत्र्याचा पंजा, हे सारे पावलाच्या वेगानेच दिसते. ऐनाचे खोड उन्हाळ्यासाठी पाणी साठवून ठेवते, तलावातल्या कोणत्या वनस्पतीखाली मासा अंडी घालतो हे मासेमार ढिवरांना ठाऊक असते, पाळीची जागा निवडताना कोहळ्यांनी उतार कसा पाहिला असेल, या गोष्टी थांबल्याशिवाय कळत नाहीत. या परिसराविषयी मराठीत जे लिहिले गेले तेही चालणाऱ्यांनीच लिहिले. मारुती चितमपल्ली आपल्याच खात्याचे अधिकारी होते. नवेगावबांधला असताना गावकऱ्यांबरोबर रान तुडवूनच त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावे गोळा केली आणि मराठीला दिली. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ जंगलातल्या मुक्कामातून उतरले. किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्यात चारशे दिवस काढले. आज त्यांच्यासारखी जाण घेऊ पाहणाऱ्या तरुणाला आपण वाहनाच्या सहा जागांपैकी एक जागा देतो आणि खाली उतरू नको म्हणतो. गाभा क्षेत्रात हे बंधन योग्यच आहे. पण बाहेरच्या हजारो हेक्टर वनातही त्याला पाय टेकायला जागा नसावी, याचे समर्थन करणे अवघड आहे.

याहून मोठे कारण संवर्धनाचेच आहे. भंडारा जिल्ह्यातले अभयारण्याबाहेरचे वन हा मोकळा पडलेला प्रदेश नाही. नागझिरा, कोका, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला यांना जोडणारे वाघांचे भ्रमणमार्ग त्यातूनच जातात. नागझिऱ्याचा ‘जय’ हा वाघ २०१३ साली शेते, रस्ते, नदी ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला तो याच पट्ट्यांच्या आधाराने. २०१६ च्या एप्रिलनंतर त्याचा माग लागला नाही, तेव्हा देशभर चर्चा झाली. मात्र तो ज्या वनातून चालत आला त्या वनाची चर्चा कोणी केली नाही, कारण ते कोणी पाहिलेलेच नव्हते. अभयारण्याला नाव असते, फाटक असते, पर्यटक असतात, त्याच्यासाठी आवाज उठवणारे असतात. प्रादेशिक वनाला यांतले काहीच नसते. त्यातून रस्ता रुंद झाला, वीजवाहिनी गेली, कोणी शेताच्या कुंपणात वीजप्रवाह सोडला, तरी बातमी दोन दिवसांत विरते. ज्या वनात दर हिवाळ्यात शहरातली आणि गावातली शे-दोनशे माणसे शिस्तीने चालून जातात, त्याच्या बाजूने बोलणारी माणसे आपोआप तयार होतात. सारसाच्या बाबतीत गोंदिया-भंडाऱ्यात हे घडले आहे. शेतकऱ्याला आपल्या बांधीतले घरटे राखण्यात अभिमान वाटू लागला, तेव्हाच त्या पक्ष्याला आधार मिळाला. माणूस जे जवळून ओळखतो त्याचेच रक्षण करतो.

हे नवे धाडस नाही. केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात गेली पंचवीसहून अधिक वर्षे पर्यटक वाटाड्यांबरोबर पायी फिरतात, आणि तिथल्या एका समितीतले वाटाडे पूर्वी जंगलातून झाडाची साल चोरून विकणारे होते. खात्याने त्यांच्याशी करार केला, खटल्यांच्या चक्रातून त्यांना बाहेर काढले आणि त्यांची जंगलाची माहिती राखणीच्या कामाला लावली. आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पात पायी सफारी चालते. मुंबईच्या पोटात असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांची दाट वस्ती आहे, तरीही शिलोंड्यासारख्या वाटांवर उद्यानाच्या देखरेखीत निसर्गफेऱ्या निघतात. कर्नाळ्याला किल्ल्यापर्यंत चालत जाणाऱ्यांकडील प्लास्टिकच्या वस्तूंची फाटकावर नोंद होऊन अनामत घेतली जाते. या चारही ठिकाणी ठरलेली वाट, ठरलेली वेळ आणि माणसांची नोंद, हे सूत्र समान आहे, आणि कर्नाळा सोडल्यास सोबत जबाबदार माणूसही असतो. आपल्या जिल्ह्यात ते लागू करायला नवा कायदा लागत नाही. राज्याचे निसर्ग पर्यटन मंडळ नागपुरात आहे, गावोगाव संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत, आणि व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप जिवाच्या धोक्याचा आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. २०२२ मध्ये ‘सीटी-१’ या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या वनविभागांत मिळून १३ माणसे मारली. ऑक्टोबरमध्ये तो जेरबंद झाला तोवर लाखांदूर भागातल्या गावांनी काय भोगले हे आपल्या कर्मचाऱ्यांनी पाहिले आहे. अशा जिल्ह्यात हौशी लोकांना जंगलात पाठवायचे का, हा प्रश्न रास्त आहे. पण आपल्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात सापडणारी माणसे कोण असतात ते पाहा. सरपण, मोहफूल, तेंदूपत्ता, गुरे यांसाठी एकटेदुकटे, वाकून काम करणारे, पहाटे किंवा सांजवेळी आत गेलेले ग्रामस्थ त्यांत जास्त असतात. ताठ चालणारा, आवाज करणारा, आठ-दहा जणांचा गट दिवसाउजेडी ठरलेल्या वाटेवरून जाणे ही त्याहून वेगळी परिस्थिती आहे. धोका शून्य होत नाही, पण तो मोजता येतो आणि आवरता येतो. वाघाचा किंवा पिलांसह असलेल्या वाघिणीचा वावर वाटेच्या वनकक्षात नोंदला गेला की वाट त्याच दिवशी बंद व्हावी, आणि पुन्हा कधी उघडायची हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने ठरवावे. त्या निर्णयावर कोणालाही वाद घालता येऊ नये. शिवाय वाटेसाठी दररोज पाहणी करावी लागेल आणि ती गावासाठीही सूचना ठरेल. आज सरपणाला जाणाऱ्या बाईला वाघ कुठे आहे हे सांगणारी रोजची व्यवस्था नाही. वाटेच्या निमित्ताने ती उभी राहिली, तर तिचा सर्वांत मोठा लाभ पर्यटकाला नव्हे, त्या बाईला होईल.

याच आक्षेपाचा एक भाग धुक्याचा आहे आणि तो स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण ज्यासाठी लोक येणार तेच सर्वांत धोक्याचे आहे. दवाने भिजलेला पालापाचोळा पावलाखाली वाजत नाही. एरवी सागाच्या वाळल्या पानांचा आवाज दुरूनच अस्वलाला सावध करतो, धुक्याच्या सकाळी तो आवाजही नसतो आणि नजरही पोहोचत नाही. अस्वलाचे बरेचसे हल्ले असे अचानक समोरासमोर आल्यानेच होतात. म्हणून माझी सूचना अशी की धुके पाहावे पाळीवर आणि जंगल चालावे धुके विरल्यावर. वाटेची सुरुवात तलावाच्या पाळीवर असावी. तिथे गटाने थांबावे, वाटाड्याने तलावाची, पाण्यातल्या पक्ष्यांची, शिंगाड्याची, पाळीच्या बांधणीची माहिती द्यावी. हवामान खाते दृश्यमानता १००० मीटरच्या खाली आली की धुके म्हणते आणि २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके. पाळीवरच २०० मीटर अंतरावर चुना लावलेला एक खांब उभा करावा. तो खांब स्पष्ट दिसेपर्यंत कोणीही झाडीत पाऊल टाकायचे नाही. हा नियम अडाण्यालाही कळेल, त्याला यंत्र लागत नाही आणि वाटाड्यावर दबाव आणायला पाहुण्याला जागा राहत नाही. धुक्याची मजा पूर्ण मिळते आणि त्याची जोखीम पाळीवरच थांबते.

दुसरा आक्षेप गावांचा असू शकतो: बाहेरची माणसे आमच्या रानात येऊन आमच्या कामात अडथळा आणतील. वाट कोणत्या महिन्यांत खुली असावी याचे उत्तर मी याच आक्षेपातून काढले आहे. पावसाळ्यात वाटा निसरड्या, नाले भरलेले आणि धानाची कामे ऐन भरात असतात. मार्चमध्ये मोहफुले गळू लागतात, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याची तोड असते. तो काळ गावाचा आहे आणि त्यात बाहेरच्या कोणीही लुडबूड करू नये. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, जाळरेषा साफ करण्याचे आपले काम त्याआधी उरकायचे असते. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस, जेव्हा धान घरात येत असते किंवा आलेले असते आणि रब्बी नसलेल्या गावांत हाताला काम कमी असते. त्याच दिवसांत वाटाड्याची मजुरी गावात गेली तर ती उपकारासारखी न येता कामाच्या मोबदल्यात येईल. अर्थात ज्या ग्रामसभेला ही वाट नको असेल तिच्या हद्दीतून ती काढू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेले स्थान इथे केवळ ठरावाच्या कागदापुरते राहता कामा नये.

तिसरा आक्षेप खुद्द वन्यजीव अभ्यासकांकडून येईल: जनावराला शांत राहू द्या, आणखी एक गडबड कशाला? तत्त्व मला मान्य आहे. म्हणूनच मी नवी वाट तोडायला सांगत नाही. जाळरेषा, जुने गाडरस्ते, गस्तीच्या वाटा यांतूनच एक फेरी जुळवावी, भ्रमणमार्गाचा अरुंद गळा टाळावा आणि जंगलातल्या पाणवठ्यांपासून वाट दूर ठेवावी. दिवसाला दोनच गट, प्रत्येकी दहाहून अधिक नाहीत, पुढे एक वाटाड्या आणि मागे एक, सोबत कुत्रा नाही, ध्वनिक्षेपक नाही, विस्तव नाही, आणि दुपारी तीनच्या आत सगळे बाहेर. आठवड्यातून एक दिवस वाट पूर्ण बंद. गायमुखाला महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, अंबागडच्या किल्ल्यावर लोक वर्षभर स्वतःहून चढतात, चांदपूरला दर्शनाला गर्दी असते. ही सर्व ठिकाणे वनाला लागून किंवा वनातच आहेत. वर्षाकाठी एवढ्या पावलांना सामावणाऱ्या जिल्ह्यात दिवसाला वीस माणसांची मोजून-मापून झालेली चाल जनावरांना असह्य होईल, असे मानायला आधार नाही. उलट या वाटेवर रुजलेली शिस्त उद्या गायमुख-अंबागडलाही नेता येईल.

चौथा आक्षेप आपल्या खात्याचा असेल: वनरक्षकांच्या जागा अपुऱ्या, कामे अफाट, त्यात हे कोण सांभाळणार? यात तथ्य आहे, म्हणून भार खात्यावर कमीत कमी पडेल अशीच रचना हवी. दिशादर्शक खुणा, नोंदवही, वाटाड्यांचे प्रशिक्षण व ओळखपत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि अपघात विमा, एवढाच सुरुवातीचा खर्च आहे आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तो निघू शकतो. शुल्क गावच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा व्हावे, त्याचा हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांसाठी शुल्क नाममात्र असावे, कारण त्यांच्यासाठीच ही वाट प्रथम आहे. आणि कोणी म्हणेल की आज दहा माणसे, उद्या रिसॉर्ट आणि परवा झिपलाइन, तर ती भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय एकच: गटांची संख्या, महिने आणि बांधकामबंदी आदेशातच लिहून टाकावी, म्हणजे पुढच्या अधिकाऱ्याला त्यांत बदल करायचा झाल्यास ग्रामसभेपुढे जावे लागेल.

जागा कोणती, हे मी सुचवू शकतो, ठरवू शकत नाही. रावणवाडीच्या तलावाभोवतीच्या टेकड्या शहराला जवळ आहेत, पाणी आणि वन दोन्ही एकत्र आहे. तुमसर तालुक्यात अंबागडच्या डोंगररांगेत किल्ल्याचा इतिहासही आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळातला हा दुर्ग पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला. दोन्हींपैकी कुठे वाघाचा वावर कमी, कुठे गाव तयार, कुठे जुनी वाट पक्की, हे आपल्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना माहीत आहे. भंडारा रोड स्थानक मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे आणि नागपूर राष्ट्रीय महामार्गाने साठेक किलोमीटरवर आहे. त्यामुळे पाहुणा कुठून येईल याची चिंता नको. चिंता एवढीच करायची की तो येईल तेव्हा नियम तयार असावेत.

तेव्हा माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. येत्या पावसाळ्याच्या आत दोन संभाव्य जागांची पाहणी करून तिथल्या ग्रामसभांचे म्हणणे लेखी घ्यावे. नोव्हेंबरपासून एका हंगामापुरती, प्रायोगिक स्वरूपात, एक वाट खुली करावी. आणि १५ फेब्रुवारीनंतर किती माणसे चालली, गावाला किती पैसे मिळाले, जनावरांच्या वावरात काही बदल दिसला का, किती वेळा वाट बंद ठेवावी लागली, हे सर्व जाहीर करावे. आकडे प्रतिकूल निघाले तर वाट बंद करा, तक्रार करणाऱ्यांत मी नसेन. पण एकही हंगाम न पाहता ‘धोका आहे’ या दोन शब्दांवर हा विषय मिटवू नये. चोरून चालणाऱ्यांचा धोका आपण आजही पत्करतोच आहोत, फक्त त्यावर आपला ताबा नाही. तो ताबा आपण घ्यावा, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक नागरिक